पाइप तराजूत घालू नका

‘हातात धरून पाहा ना भाऊ. वजन पाहा! पाच वर्षं हलत नाही हा.’ उन्हाळा तोंडावर आला की भोकरदनच्या बाजारात हे वाक्य मी दरसाल ऐकतो. दुकानदार बोलतो, गिऱ्हाईक मान डोलावतं आणि हलका पाइप परत खुंटीवर जातो. गेल्या वर्षी शेजारचे काका मला मुद्दाम सोबत घेऊन गेले. माझं सगळं ऐकून घेतलं आणि शेवटी जडच बंडल खांद्यावर टाकून आणलं. ‘तुमचं शास्त्र बरोबर असंल, पण वजन खोटं बोलत नाही,’ म्हणाले.

बोलतं. पाइपाच्या बाबतीत वजनच खोटं बोलतं.

झाडांना पाणी घालायचा मऊ पाइप बहुतेक पीव्हीसीचा असतो. पीव्हीसी मुळात कडक. त्यात तेलासारखं द्रव्य मिसळून ते मऊ करतात. त्याच मिश्रणात कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे साध्या शब्दांत खडूची भुकटी, घालतात. थोडी सगळेच घालतात, त्यात गैर काही नाही. मात्र मऊ पीव्हीसी पाण्याच्या साधारण सव्वापट जड असतं आणि ही भुकटी जवळजवळ पावणेतीनपट. शिवाय ती प्लॅस्टिकपेक्षा कितीतरी स्वस्त. म्हणजे भुकटी वाढवली की पाइप जड होतो आणि बनवायला स्वस्तही पडतो. त्यात आपल्याकडे साधा पाइप किलोवर विकतात! भुकटीच्या पाइपाचे किलोमागे फूट कमी भरतात आणि खडूचे पैसे आपण प्लॅस्टिकच्या भावानं मोजून येतो. वर ‘माल दणकट आहे’ असं चार जणांना सांगतो.

भुकटीनं पाइपाची लवचीकता जाते. तो नळाच्या तोंडाशी आणि जिथं रोज मोड पडतो तिथं आधी तडकतो. हे ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. पाइपाचं टोक घ्या, चिमटीत घट्ट दुमडा, दहा आकडे मोजा आणि सोडा. चांगला पाइप हळूहळू पूर्ववत गोल होतो. भुकटी जास्त असेल तर दुमडीवर पांढरी रेघ उमटते आणि बोट फिरवलं तरी जात नाही. रंगीत पाइपावर ती स्पष्ट दिसते. मग कापलेल्या तोंडाकडे बघा. भिंत सगळीकडे सारखी जाड आहे का? एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला कागदासारखी असेल, तर तो पाइप पातळ बाजूनंच फुटणार, एकूण वजन काही का असेना.

ही समजूत अगदीच हवेतून आलेली नाही, हेही सांगायला हवं. पूर्वीचे रबरी पाइप कापडाचे थर घालून केलेले असत. जितके थर जास्त, तितका पाइप जड आणि तितका मजबूतही. तेव्हा वजन बघून पाइप घेणारे आपले आजोबा चुकत नव्हते. आता माल बदलला, सवय तेवढी राहिली. आजच्या पाइपाची ताकद असते भिंतीतल्या धाग्यांच्या जाळीत. ब्रेडेड म्हणतात तो हाच. दोन थरांच्या मध्ये पॉलिएस्टरच्या दोऱ्याची तिरकी वीण असते. पाण्याचा दाब ती वीण पेलते, म्हणून बाकीची भिंत पातळ आणि पाइप हलका ठेवता येतो. हलका आहे म्हणून कच्चा, हे इथं साफ उलटं ठरतं.

शिवाय ओढताना जड लागतं ते पाइपापेक्षा आतलं पाणी. अर्धा इंची शंभर फुटी पाइपात पावणेचार लिटरच्या आसपास पाणी मावतं, एक इंचीत पंधरा लिटरच्या वर. म्हणजे पंधरा किलो ओझं घेऊन तुळशीपासून जास्वंदीपर्यंत फिरायचं. घरच्या दहा-पंधरा कुंड्यांना अर्धा इंची पुष्कळ झाला. पिंपळगाव रेणुकाईकडे मिरचीची रोपं जगवणाऱ्याला किंवा विहिरीच्या मोटारीवर पाइप लावणाऱ्याला मोठं माप लागेल, त्याचा हिशेब वेगळा.

आता दाबाचं. ‘दहा किलो प्रेशरचा द्या’ असं मागणारे भेटतात. पाण्याच्या दहा मीटर उंचीला चौरस सेंटिमीटरमागे एक किलो दाब मिळतो. एकमजली घराच्या गच्चीवरच्या टाकीतून अंगणात अर्धा किलोही मिळत नाही. टाकी पाचशे लिटरची असो की दोन हजारांची, दाब ठरतो उंचीवर. मोठी टाकी बसवली म्हणून धार वाढत नाही.

याच कारणानं ऑनलाइन मिळणारा तो आपोआप लांबणारा पाइप इकडे बहुतेकांना रडवतो. आत रबराची नळी, बाहेर चुणीदार कापड. पाण्याच्या दाबानं तो तिप्पट लांब होतो, पण त्याला दाबही तसाच लागतो, अडीच-तीन किलोच्या घरातला. गच्चीच्या टाकीवर तो सुस्तावलेल्या अजगरासारखा पडून राहतो. वजनाला हलका हे खरं, पण आपल्या नळाचा तो नव्हे.

तोंडावर अंगठा धरला की पाणी वाढतं? वाढतो तो वेग, पाणी घटतं. पंधरा लिटरची बादली दोन्ही प्रकारे भरून घड्याळ बघा.

नळावर पाइप चढत नाही म्हणून तेल लावू नका, सटकेल. टोक मिनिटभर गरम पाण्यात धरा, मऊ होऊन चढतं. वर क्लिप आवळा.

पारदर्शक पाइप स्वच्छ, हाही भ्रम. उजेड आत जातो आणि महिन्याभरात आत शेवाळ धरतं.

‘नळाचंच पाणी आहे’ म्हणून पाइपाला तोंड लावून पिणारी पोरं थांबवा. अमेरिकेतल्या मिशिगनमधल्या इकॉलॉजी सेंटरनं २०१२ मध्ये बागेचे सुमारे नव्वद पाइप तपासले होते. त्यांतल्या बऱ्याच पाइपांत शिसं निघालं. आपल्याकडेही पीव्हीसी पाइपांतलं शिसं टप्प्याटप्प्यानं हटवण्याचे नियम केंद्रीय पर्यावरण मंत्रालयानं २०२१ मध्ये काढले. ते काय उगाच?

निगा म्हणाल तर एकच गोष्ट पाळा. नळ चालू आणि पुढची तोटी बंद, अशा स्थितीत पाइप उन्हात सोडू नका. मे महिन्यात पारा बेचाळिशीला टेकला की पीव्हीसी मऊ पडतं, त्याची दाब झेलायची ताकद उतरते आणि मग तो फुगवटा धरतो. काम झालं की आधी नळ बंद करा, मग तोटी उघडून आतलं पाणी झाडाला जाऊ द्या. पाइप मोठ्या वेटोळ्यांत गुंडाळून सावलीत टांगा. खिळ्यावर टांगू नका, तिथंच मोड पडतो. जुनी सायकलची रिंग भिंतीला ठोकली तर उत्तम. आणि दुपारी पाणी सोडलंच, तर सुरुवातीचं चटका देणारं पाणी रोपांवर नाही, जमिनीवर.

काकांच्या पाइपाला दिवाळीआधीच नळापाशी चीर गेली. तेवढा तुकडा कापला आणि त्यांच्यासमोर दुमडला. पांढरी रेघ. काही बोलले नाहीत. ट्यूबची पट्टी बांधू म्हणाले, मी जॉइनर आणून दिला.

तुम्ही दुकानात जाल तेव्हा किलोचा भाव विचारू नका, फुटाचा विचारा. आणि टोक दुमडून बघायला मागा. दुमडू देत नसेल, तर पुढच्या दुकानात जा.