पळणाऱ्यांना पळवणाऱ्यांचं पॅकेज

कॅम्पस इंटरव्ह्यूचा सीझन सुरू झाला की हॉस्टेलच्या प्रत्येक मजल्यावर एकच प्रश्न ऐकू येतो, "पॅकेज किती?" कंपनी कुठली, काम काय, पोस्टिंग कुठे, हे सगळं नंतर. तर मित्रांनो, आज अशा एका नोकरीचं पॅकेज पाहू, जी आपल्या प्लेसमेंटच्या नोटीस बोर्डावर कधीच लागत नाही. ही नोकरी आहे अमेरिकन कॉलेजात लांब पल्ल्याचे धावपटू घडवणाऱ्या कोचची.

आता तुम्ही म्हणाल, आपला काय संबंध? एक तर आपले कितीतरी सीनियर एम.एस.ला ज्या कॅम्पसवर जातात, तिथेच ही माणसं पहाटे शिट्टी आणि स्टॉपवॉच घेऊन उभी असतात. आणि दुसरं म्हणजे, त्यांच्या पगारावरून तिथे गेली तीस-पस्तीस वर्षं जी कोर्टबाजी चालली आहे, तिच्या मुळाशी असलेला प्रश्न आपल्यालाही पहिल्या नोकरीत भेटणार आहे: "आवडीचं काम आहे ना? मग पैशांचं काय एवढं?"

काम काय असतं?

आपल्याला वाटतं, कोच म्हणजे मैदानाच्या कडेला उभं राहून "अजून एक राउंड!" ओरडणारा माणूस. पण लांब पल्ल्याच्या कोचला वर्षात तीन सीझन असतात. ऑगस्टपासून नोव्हेंबरपर्यंत क्रॉस कंट्री, म्हणजे गवत, चिखल, चढउतार यांवरची शर्यत. एका संघाचे सात जण धावतात, पहिल्या पाचांचे क्रमांक मिळवतात, आणि ज्याची बेरीज सर्वांत कमी तो संघ जिंकतो. हिवाळ्यात छपराखालच्या, म्हणजे इनडोअर स्पर्धा. मग वसंतात मैदानावरच्या १५०० मीटरपासून १०,००० मीटरपर्यंतच्या शर्यती, त्या जूनपर्यंत. धावणारी पोरं बहुतेक तीच, आणि कोचही तोच. राहिली उन्हाळ्याची सुट्टी. तिच्यात पुढच्या वर्षाच्या मायलेजचं वेळापत्रक आणि नवी भरती.

ही भरती म्हणजेच 'रिक्रूटिंग'. शाळकरी धावपटूंचे टायमिंग बघायचे, फोन करायचे, घरी जाऊन आईबापांशी बोलायचं, कॅम्पस दाखवायचा. शिवाय प्रवासाची बुकिंगं, पोरांचे मार्क घसरले तर धावपळ, आणि नियमपुस्तिकेचं पालन. बहुतेक मोठी कॉलेजं ज्या एन.सी.ए.ए. या संघटनेची सभासद आहेत, तिने १९९१ साली ठरवलं की सीझनमध्ये खेळाडूकडून आठवड्याला २० तासांपेक्षा जास्त सराव घ्यायचा नाही. कोचच्या तासांना मात्र अशी मर्यादा नाही!

ओव्हरटाइमचंही तसंच. अमेरिकेच्या कामगार कायद्यात शिक्षकांना ओव्हरटाइम द्यावा लागत नाही, आणि त्या सवलतीला किमान पगाराची अटही नाही. ज्या कोचचं मुख्य काम खेळ शिकवणं आहे तो या व्याख्येत 'शिक्षक' ठरू शकतो. म्हणजे मान गुरुजींचा, आणि जादा तासांचे पैसे शून्य.

नेमणूक कशी होते?

पद्धत आपल्या प्राध्यापकांच्या भरतीसारखीच आहे. जाहिरात निघते, समिती बसते, अर्ज चाळले जातात, फोनवर किंवा व्हिडिओवर मुलाखत होते, मग दोघातिघांना कॅम्पसवर बोलावतात. तिथे एक गोष्ट आपल्याकडे सहसा नसते: उमेदवाराला संघातल्या पोरांसमोर बसवतात, आणि पोरं त्याला प्रश्न विचारतात. शेवटचा शब्द अर्थात क्रीडा विभागाच्या प्रमुखाचा, म्हणजे 'अ‍ॅथलेटिक डायरेक्टर'चा.

बघतात काय? पदवी तर हवीच, मास्टर्स असेल तर बरं. स्वतः किती जोरात पळत होता याला किंमत आहे, पण मर्यादित. खरा प्रश्न असा, की याच्या हाताखाली आलेला पोरगा चार वर्षांत किती सुधारला? दुसरा प्रश्न, हा नवी पोरं आणू शकेल का? आणि तिसरा, याच्या आधीच्या कॉलेजात नियमभंगाची भानगड तर झाली नव्हती ना?

या धंद्यात शिरायची पहिली पायरी आपल्याला ओळखीची वाटेल. एम.एस.ला गेलेल्या सीनियरला जशी टी.ए.शिप मिळते, तशीच इथे 'ग्रॅज्युएट असिस्टंट'ची जागा असते. फी माफ किंवा कमी, वर थोडा स्टायपेंड, आणि बदल्यात टी.ए. पेपर तपासतो तसं याने पोरं पळवायची. दोन वर्षांनी मास्टर्सही हातात आणि अनुभवही.

पगार कोण ठरवतं?

आधी एक आकडा बघा. जॉर्जिया विद्यापीठाचे फुटबॉल कोच कर्बी स्मार्ट यांचा २०२४ सालचा करार वर्षाला सुमारे १ कोटी ३० लाख डॉलरचा होता. अमेरिकेच्या बहुतेक राज्यांत सर्वांत जास्त पगार घेणारा सरकारी नोकर राज्यपाल नसतो, तर सरकारी विद्यापीठाचा फुटबॉल नाहीतर बास्केटबॉलचा कोच असतो. कारण उघड आहे: तिकीट आणि टी.व्ही.

क्रॉस कंट्रीला तिकीट कोण काढणार? कोच पोरांना किती सुधारतो यापेक्षा त्याचा खेळ किती पैसा आणतो, यावर पगार ठरतो. मोठ्या विद्यापीठातला नावाजलेला मुख्य कोच लाख डॉलरच्या पुढे जातो, पण त्याचा असिस्टंट बराच मागे असतो. सर्वांत छोट्या गटातल्या, म्हणजे डिव्हिजन थ्रीच्या कॉलेजांत तर खेळासाठी शिष्यवृत्तीच नसते, आणि तिथे एकच माणूस मुलांचा संघ, मुलींचा संघ, क्रॉस कंट्री आणि ट्रॅक असं सगळं सांभाळतो, वर एखादा वर्गही घेतो. पगाराशिवाय करारात बोनस असतो: लीग जिंकली तर इतका, राष्ट्रीय स्पर्धेला संघ पात्र ठरला तर इतका. काही ठिकाणी पोरांच्या अभ्यासाच्या निकालावरही बोनस असतो, आणि हे चांगलंच. कारण बक्षीस फक्त पदकाला लावलं, तर दुखऱ्या पायाने पळवण्याचा मोह कोचलाही होऊ शकतो.

सोळा हजारांची गोष्ट

इथपर्यंत सगळं बाजारभावाचं झालं. पण बाजारात सगळी गिऱ्हाइकं संगनमत करून आली तर? नेमकं तेच झालं.

१९९१ साली खर्च कमी करायचा म्हणून एन.सी.ए.ए.च्या कॉलेजांनी मिळून नियम केला. डिव्हिजन वनमध्ये फुटबॉल सोडून बाकी खेळांत एक नवी पोस्ट काढली: 'मर्यादित कमाईचा कोच'. शैक्षणिक वर्षाला जास्तीत जास्त १२,००० डॉलर, उन्हाळ्याला ४,०००. एकूण १६,०००, त्याच्या वर एक पैसा नाही. हा नियम १९९२ पासून लागू झाला. आधी चांगला पगार घेणारे बास्केटबॉलचे काही असिस्टंट एका रात्रीत सोळा हजारांवर आले.

त्यांनी कोर्टाची पायरी चढली. कायदा होता १८९० सालचा शर्मन कायदा, मक्तेदारीविरुद्धचा. हाच कायदा एकेकाळी तेल कंपनीवर चालला होता. कॉलेजांचं म्हणणं होतं, की या जागा नवशिक्यांसाठी राखल्या आहेत, खर्च वाचतो, आणि सगळे संघ बरोबरीत राहतात. कोर्टाने विचारलं, नवशिक्यांसाठी म्हणता, मग अनुभवी माणसाला त्या जागेवर घेऊ नये असं नियमात कुठे लिहिलंय? आणि नुसता खर्च वाचणं हे काही संगनमताचं समर्थन होऊ शकत नाही. १९९५ साली नियम बेकायदा ठरला, १९९८ साली अपील कोर्टाने तो निकाल कायम केला. त्याच वर्षी ज्यूरीने दिलेली भरपाई कायद्याप्रमाणे तिप्पट होऊन सुमारे ६ कोटी ७० लाख डॉलरवर गेली, आणि १९९९ साली ५ कोटी ४५ लाखांवर तडजोड झाली.

फुकट कोच

पण गंमत अशी, की त्याच काळात दुसरी एक पोस्ट जन्माला आली होती आणि ती तीस वर्षं टिकली. 'व्हॉलंटियर कोच', म्हणजे स्वयंसेवक. नावाला स्वयंसेवक, काम पूर्ण वेळ. पगार नाही, विमा नाही. सामन्याची एक-दोन तिकिटं आणि संघाबरोबरचं जेवण, एवढंच. आणि कॉलेजची इच्छा असली तरी त्याला पगार द्यायची परवानगी नव्हती, कारण पगारी कोचांची संख्या नियमाने बांधलेली होती.

तरी या जागा भरत होत्या, कारण लांब पल्ल्याच्या पळण्याचं वेड लागलेली माणसं कमी नाहीत. कोलोरॅडो विद्यापीठाचे मार्क वेटमोर यांनी नव्वदीच्या सुरुवातीला तिथे स्वयंसेवक म्हणूनच सुरुवात केली. १९९५ मध्ये ते मुख्य कोच झाले आणि पुढे त्यांच्या संघांनी क्रॉस कंट्रीची आठ राष्ट्रीय विजेतेपदं मिळवली. अशी उदाहरणं सांगून नव्या पोरांना म्हणता येतं, "बघ, तोही फुकटच सुरू झाला होता!" पण दोन वर्षं फुकट राबणं कोणाला परवडतं? ज्याच्या घरचं बरं आहे, किंवा जो रात्री दुसरी नोकरी करतो त्याला. ज्याच्या डोक्यावर शैक्षणिक कर्ज आहे तो गुणी असूनही दारातूनच परततो, आणि त्याचं नाव कुठल्याच यादीत येत नाही. माझ्या मते फुकट कामाचा खरा तोटा इथे आहे. कोचचा खिसा रिकामा राहतो तो राहतोच, पण कोच निवडायची चाळणीच चुकते.

शेवटी हेही कोर्टात गेलं. १ जुलै २०२३ पासून एन.सी.ए.ए.ने डिव्हिजन वनमध्ये स्वयंसेवक कोच हा प्रकारच बंद केला आणि कोचांची संख्यामर्यादा वाढवली. बेसबॉलचा दावा वेगळा मिटला. ट्रॅकसकट बाकीच्या खेळांतल्या माजी स्वयंसेवकांसाठी २०२५ मध्ये ३० कोटी ३० लाख डॉलरची तडजोड जाहीर झाली. अर्थात नियम उठला म्हणजे बजेट आलं असं नाही. पगार द्यायची मुभा मिळाली, सक्ती नाही.

आता काय?

दोन वारे उलटसुलट वाहताहेत. एकीकडे चांगल्या कोचचा भाव वाढलाय. पूर्वी कॉलेज बदललं की खेळाडूला काही वेळा एक वर्ष बाहेर बसावं लागे. २०२१ पासून ते सैल झालं आणि २०२४ मध्ये जवळपास सुटलंच. त्यामुळे कोच गेला की त्याच्या मागे संघातली पोरंही जाऊ शकतात, हे क्रीडा विभागाला कळून चुकलंय. ब्रिगहॅम यंग विद्यापीठाच्या दिलजीत टेलर यांचंच बघा. पंजाबी घरातल्या या बाईंच्या मुलींच्या संघाने २०२० च्या सीझनचं आणि २०२४ चं राष्ट्रीय क्रॉस कंट्री जिंकलं. असा कोच कोण सोडेल?

दुसरीकडे, जून २०२५ मध्ये मंजूर झालेल्या एका मोठ्या तडजोडीनुसार कॉलेजं आता खेळाडूंनाच थेट पैसे देऊ शकतात. पहिल्या वर्षी एका कॉलेजला मर्यादा सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरची. खेळाडूंना त्यांचा वाटा मिळाला हे योग्यच, पण तो मुख्यतः फुटबॉल-बास्केटबॉलला जातो, आणि कात्री लागते छोट्या खेळांना. वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठाने त्याच महिन्यात ट्रॅकमधल्या उड्या आणि फेकीच्या स्पर्धा बंद करून लांब पल्ल्यावर भर द्यायचं ठरवलं. तसा लांब पल्ला स्वस्तच: बूट, रस्ता आणि एक कोच, त्यात तीन सीझन. पण कोणी स्वस्तात पडतो म्हणून टिकला, तर त्याचा पगार वाढणार कसा?

आणि चांगला कोच काय करू शकतो याला पुरावा हवा असेल, तर कोलोरॅडोतल्या अलामोसा या साडेसात हजार फुटांवरच्या छोट्या गावातलं अ‍ॅडम्स स्टेट कॉलेज आठवा. तिथल्या डॉ. ज्यो व्हिजिल यांच्या संघाने १९९२ साली डिव्हिजन टूच्या राष्ट्रीय क्रॉस कंट्रीत पहिले पाचही क्रमांक घेतले. बेरीज पंधरा. याच्यापेक्षा कमी बेरीज गणितातच शक्य नाही!

आणि आपण?

आपल्याकडे कॉलेजात बहुधा एकच शारीरिक शिक्षण संचालक असतात, आणि क्रिकेटच्या किटपासून कबड्डीच्या मॅटपर्यंत सगळं तेच बघतात. विद्यापीठाच्या क्रॉस कंट्रीला नाव द्यायच्या आदल्या आठवड्यात मेसच्या मागच्या रस्त्यावर पळणारी पोरं दिसतात, तेवढाच आपला सीझन. बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे घडला तो कॉलेजात नव्हे, सैन्यात. पुढे तो कोलोरॅडो स्प्रिंग्जला अमेरिकन कोचकडे सरावाला गेला. गुणी पोरं आपल्याकडे आहेत. ठरलेला पगार घेऊन वर्षभर त्यांच्या मागे उभा राहणारा माणूस मात्र कॉलेजात सापडत नाही.

तेव्हा मंडळी, गॅदरिंगच्या आणि फेस्टच्या बजेटवर तावातावाने भांडताना एकदा हेही विचारा, की आपल्या ट्रॅकवर पोरांना शिकवणाऱ्याला आपण काय देतो? आणि उद्या इंटरव्ह्यूत कोणी "कामाची आवड महत्त्वाची, पैसे काय येतीलच" असं म्हणालं, तर हसून मान जरूर डोलवा. पण आकडा लेखी घ्या!