सरकत्या अक्षरांचा जुना फलक

एस. टी. स्टँडवर, पतपेढीच्या दारावर, औषधांच्या दुकानावर लाल अक्षरांचा फलक तुम्ही पाहिला असेल. अक्षरे उजवीकडून येतात आणि डावीकडे निघून जातात. ही अक्षरे चालतात कशी? खरे सांगायचे तर ती चालतच नाहीत. तेथे नुसते बारीक दिवे आहेत. दिवे जागचे हलत नाहीत. एक विझतो, शेजारचा पेटतो, आणि आपल्याला वाटते, अक्षर सरकले.

दुकान बंद पडले की असा फलक भंगारात जातो. आमच्या वाचनालयासाठी असाच एक फलक किलोच्या भावाने मिळाला. विकणारा म्हणाला, "मेलाय तो. पत्र्याचे पैसे द्या." आता बघा, मेले होते काय? दिवे शाबूत होते. जळाले होते ते दिव्यांना हुकूम देणारे हाताएवढे कार्ड. बैल धडधाकट आहेत, पण गाडीवान नाही, अशातला प्रकार.

फलकाची पाठ उघडली की आत पट्ट्या दिसतात. पुष्कळ फलकांत पी-१० नावाची पट्टी असते. दोन दिव्यांत १० मिलिमीटर अंतर, म्हणून हे नाव. एका पट्टीत आडवे ३२ आणि उभे १६ दिवे, म्हणजे एकूण ५१२. हे सगळे दिवे एकाच वेळी पेटत नाहीत. पहिली, पाचवी, नववी आणि तेरावी ओळ आधी लागते. मग दुसरी, सहावी, दहावी आणि चौदावी. असे चार हप्ते इतक्या झपाट्याने होतात की डोळ्याला सगळे एकदम पेटल्यासारखे दिसते. हे हप्ते न चुकता पाडणे, हेच त्या कार्डाचे काम.

ते काम आर्डुइनो नावाची छोटी पाटी करू शकते. इटलीतल्या इव्रेया गावी २००५ साली शिक्षकांनी ती विद्यार्थ्यांसाठी तयार केली. तिचा आराखडा त्यांनी सर्वांना खुला ठेवला. म्हणून तशाच पाट्या आज अनेक जण बनवतात आणि काही शे रुपयांत मिळतात. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या बुधवार पेठेत विचारा. 'उनो' जातीच्या पाटीतून पट्टीकडे सहा तारा जातात. सातवी तार जमिनीची, म्हणजे दोघांची समाईक. ही सातवी तार विसरली की अक्षरे वेडीवाकडी नाचतात.

तारा जोडण्याआधी एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. फलकाच्या पेटीत २३० व्होल्टची वीज येते. आतला पुरवठा-डबा तिचे ५ व्होल्ट करतो. पाच व्होल्टचा धक्का बसत नाही, पण २३० व्होल्ट जीव घेतात. प्लग काढल्यावरही त्या डब्यात काही वेळ वीज साठून राहते. म्हणून डबा उघडू नका. तो बिघडला असेल तर नवा आणा आणि वायरमनकडून जोडून घ्या. पत्र्याच्या पेटीला अर्थिंग हवेच. मोबाईलच्या चार्जरवर फलक चालवण्याचा हट्ट काही मुले करतात. तेवढ्या विजेने चार-चार पट्ट्यांचे भागत नाही.

आता खरी गंमत. आर्डुइनोला अक्षर ओळखता येत नाही. त्याला फक्त "हा दिवा लाव, तो विझव" एवढेच कळते. इंग्रजी अक्षरांचे तयार नकाशे मिळतात. मराठी अक्षरे आपणच आखली. त्यासाठी गणिताची चौकटींची वही घेतली. उभी घरे १६. वरची चार घरे वेलांटी, मात्रा आणि अनुस्वार यांना. एक घर शिरोरेषेला. आठ घरे अक्षराच्या अंगाला. खालची तीन उकाराला. चार, एक, आठ, तीन, झाले सोळा! रात्रीच्या वर्गातल्या बायांनी ही अक्षरे पेन्सिलीने भरली. 'घ' आणि 'ध' यांनी फार छळले. 'ध'च्या डोक्यावर एक घर मोकळे सोडले नाही, तर धर म्हणजे घर होते. वर्षानुवर्षे आम्ही फळ्यावर जे बजावत आलो, ते तिथे एका दिव्याने दाखवले.

बारा घरे रुंदीचे अक्षर साठवायला २४ बाइट लागतात. आर्डुइनोच्या कायमच्या स्मृतीत ३२ किलोबाइट जागा असते. तेव्हा सगळी बाराखडी आणि नेहमीची जोडाक्षरे सुखाने मावतात. वीज गेली तरी ती पुसली जात नाहीत.

एखादा दिवा मेलेला असला तर फलक टाकून देऊ नका. अक्षर पुढे सरकते, मेलेला दिवा मागेच राहतो. वाचणाऱ्याचे अडत नाही.

वेगाचे मात्र बघावे लागते. दुकानदार फलक भरधाव पळवतात. सेकंदाला २० घरे, म्हणजे २० सेंटिमीटर, असा वेग ठेवला तर चार पट्ट्यांच्या फलकावर अक्षर सहा सेकंदांहून थोडे अधिक काळ दिसते. एकाच पट्टीवर दीड सेकंदातच पळून जाते. नुकतेच वाचू लागलेल्या माणसाला दीड सेकंद पुरत नाही. तो ओशाळतो आणि शेजारच्याला विचारतो. म्हणून आम्ही चारही पट्ट्या वापरल्या आणि वेग निम्मा केला. शहरातून आलेला एक पाहुणा म्हणाला, "किती सावकाश!" म्हणू दे. पाटी त्याच्यासाठी नव्हती.

पहिला मजकूर लागला तो असा : 'नळाला पाणी उद्या सकाळी ६ ते ७'. तोवर पाण्याची वेळ एकाच्या तोंडून दुसऱ्याच्या कानी जायची. वाटेत सहाचे सात व्हायचे आणि कुणाचे हंडे रिकामे राहायचे.

वेळ बदलली की मजकूर बदलावा लागतो. त्यासाठी संगणक आणि यूएसबीची तार लागते. ती तार आणि अक्षरांची वही वाचनालयाच्या कपाटात ठेवली आहे. मजकूर बदलणे दोघांना नव्हे, पाच जणांना शिकवले आहे. त्यांत तीन बाया आहेत.