बाळाच्या अंगावरचा लाल डाग: गैरसमज आणि वस्तुस्थिती

तान्ह्या बाळाच्या अंगावर लाल डाग दिसला की त्याचे निदान डॉक्टरच्या आधी घरातच होऊन जाते: आईने ग्रहण पाळले नाही, नाहीतर तिचे डोहाळे पुरवायचे राहून गेले. ग्रहणाचा आणि डोहाळ्यांचा या डागांशी काडीचाही संबंध नाही. पोर्ट-वाइन नावाच्या डागामागचा जनुकीय बदल २०१३ मध्ये सापडला. गर्भ घडत असताना तो एखाद्या पेशीत आपसूक होतो. आईवडिलांकडून तो येत नाही, आईच्या खाण्यापिण्याने किंवा वागण्याने तर नाहीच.

दुसरा घोटाळा ‘जन्मखूण’ या शब्दातच आहे. त्यात दोन अगदी वेगळ्या गोष्टी एकत्र बांधल्या जातात. १९८२ मध्ये बोस्टनच्या मुलिकेन आणि ग्लोवाकी यांनी त्या वेगळ्या केल्या आणि आजचे वर्गीकरण त्याच पायावर उभे आहे. एक हिमँजिओमा, म्हणजे रक्तवाहिन्यांच्या पेशी भराभर वाढून झालेली गाठ. ती वाढते आणि पुढे ओसरते. दुसरी रक्तवाहिन्यांची सदोष घडण. ती जन्मतःच असते, बाळाच्या अंगाबरोबर वाढते आणि ओसरत नाही.

शंभरातल्या चार-पाच बाळांना होणारा हिमँजिओमा जन्माच्या वेळी बहुधा दिसतच नाही. मुली, अपुऱ्या दिवसांची आणि कमी वजनाची बाळे यांत त्याचे प्रमाण जास्त. दवाखान्यातून घरी येताना बाळ स्वच्छ असते. म्हणून नंतर उठलेल्या डागाचा दोष सुईला, तेलाला किंवा मालिश करणाऱ्या बाईला दिला जातो. गावातल्या आरोग्य कार्यकर्त्या आशाताई बाळाला पाहायला ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येतात. चौदाव्या दिवशी गाठीच्या जागेवर फिकट चट्टा असतो, आत बारीक लाल रेघा. कोणी त्याला कोड समजते, कोणी ओरखडा. बेचाळिसाव्या दिवसापर्यंत तिथे चिंचोक्याएवढा, तुतीच्या फळासारखा लाल उंचवटा आलेला असू शकतो. गाठ त्वचेखाली खोल असेल तर वर लाली नसते, नुसती निळसर सूज दिसते. सावळ्या कातडीवर ती ओळखणे आणखी अवघड.

‘आपोआप जाईल, वाट पाहा’ हा सल्ला अर्धा खरा आहे, आणि अर्धवट खरे असल्यामुळेच तो जास्त नडतो. बहुतेक गाठी वर्षाच्या आसपास ओसरू लागतात आणि चौथ्या वर्षापर्यंत बऱ्याच बसतात. मात्र मोठी गाठ मागे सैल कातडी किंवा चरबट उंचवटा ठेवून जाते. वाढीचा सर्वांत वेगवान काळ पाचव्या ते सातव्या आठवड्याचा. आशाताईंची ४२ व्या दिवसाची भेट संपल्यावर पुढची थेट तिसऱ्या महिन्यात असते, तोवर बरीचशी वाढ होऊन गेलेली असते. मधल्या काळात ६, १० आणि १४ आठवड्यांच्या लसींसाठी बाळ अंगणवाडीत किंवा उपकेंद्रात येतेच. झबले काढून डाग दाखवायला याहून सोयीची वेळ नाही. पापणीजवळची गाठ नजर अधू करू शकते. हनुवटी-जबड्याच्या दाढीच्या पट्ट्यातली श्वासनलिकेतल्या गाठीची सूचना असू शकते. ओठ आणि लंगोटाच्या जागेवरच्या गाठी चिघळतात. अंगावर पाच किंवा अधिक गाठी असतील तर यकृताची सोनोग्राफी करतात.

गाठ वाढते म्हणजे कॅन्सर, हीही भीती खोटी. धक्का लागला तर रक्ताची धार लागेल, असेही नाही. चिघळलेल्या गाठीतून रक्त आले तर स्वच्छ कापडाने काही मिनिटे न सोडता दाबून धरले की ते बहुधा थांबते. खरी इजा होते ती बिब्ब्याने. विदर्भात घरोघरी ठाऊक असलेल्या या फळाचा रस कातडी जाळतो. डागाच्या जागी जखम होते आणि जन्मभराचा व्रण राहतो. चुना लावणे आणि चटका देणे यांचीही गत तीच.

औषध मात्र आहे, आणि ते अपघाताने सापडले. फ्रान्समधल्या बोर्दो येथे एका बाळाला हृदयाच्या त्रासासाठी प्रोप्रॅनोलॉल दिले, तर दुसऱ्याच दिवशी नाकावरची गाठ मऊ पडून रंग उतरू लागला. ख्रिस्तीन लेओते-लाब्रेझ यांनी २००८ मध्ये हे प्रसिद्ध केले आणि जगभरचे उपचार बदलले. औषध किमान सहा महिने चालते, दूध पाजूनच द्यावे लागते. रक्तातली साखर, नाडी आणि श्वास यांवर लक्ष हवे, म्हणून दुकानातून परस्पर आणून ते देऊ नये. लहान, वरवरच्या गाठीवर टिमोलॉलचे थेंब पुरतात. भंडारा जिल्ह्यातल्या पालकांसाठी जिल्हा रुग्णालयातले बालरोगतज्ज्ञ किंवा नागपूरचे ‘मेडिकल’, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय, हा रस्ता.

जन्मतःच पूर्ण वाढलेल्या गाठी विरळा. त्यांतल्या काही वर्षभरात विरतात, काही विरतच नाहीत.

दुसऱ्या प्रकारातला, म्हणजे सदोष घडणीचा, पोर्ट-वाइन डाग हजारात तिघांना. तो सपाट, गुलाबी असतो, वयाबरोबर गडद आणि जाड होतो. वाट पाहून जात नाही, लेसरने फिका होतो. कपाळावर आणि वरच्या पापणीवर असेल तर काचबिंदू आणि झटक्यांची शक्यता असल्याने डोळे आणि मेंदू तपासावे लागतात. कपाळ आणि पापण्यांवरच्या, रडताना उठून दिसणाऱ्या फिक्या गुलाबी डागाशी याची गल्लत करू नये. तो साधा असतो, वर्ष-दोन वर्षांत जातो, मानेवरचा मात्र केसांखाली तसाच राहतो.

पाठीवर-ढुंगणावर दिसणारा निळा-करडा डाग रक्तवाहिन्यांचा नसतोच. तो रंगद्रव्याचा, भारतीय बाळांत अगदी नेहमीचा. कोणी मारल्याचा वळ समजून त्यावरून भांडणे होतात. तो बहुधा शाळेत जायच्या वयापर्यंत मावळतो आणि त्याला कसलाच उपचार लागत नाही.