आपत्तीत सरकारला सूट, मग बालकांनी जायचे कुठे?

पूर आला की मृतांचा आकडा जाहीर होतो. किती वाहून गेले, किती घरांखाली गाडले गेले, याची मोजदाद शासनदरबारी होते. पण पाणी ओसरल्यावर तीन आठवड्यांनी जुलाबाने दगावलेले दीड वर्षाचे मूल कोणत्या यादीत येते? त्याच्या नावापुढे 'अतिसार' लिहिले जाते, 'भूक' लिहिले जात नाही. आपत्तीतले बालमृत्यू असे कागदावरून गायब होतात. ही मुले कोणत्या वस्तीतली असतात, हे आमच्या वाचकांना सांगायला नको.

हे मूल वाचवता येते, म्हणूनच आमचा संताप आहे. तीव्र कुपोषण ओळखायला यंत्र लागत नाही. सहा महिने ते पाच वर्षांच्या बालकाच्या दंडाचा घेर फितीने मोजायचा. तो 11.5 सेंटिमीटरपेक्षा कमी असेल तर अतितीव्र कुपोषण. दोन्ही पावलांवर सूज असून अंगठ्याने दाबल्यावर खड्डा राहत असेल, तर ती दुसरी खूण. ही मोजणी आईलाही शिकवता येते.

पूर्वी अशा बालकांना आठवडेच्या आठवडे रुग्णालयात ठेवत. 2000 च्या इथिओपियातील दुष्काळापासून उपचार वस्तीवर नेण्यास सुरुवात झाली. 2005 साली नायजर देशात हजारो बालकांवर घरीच उपचार झाले. 2007 मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी या पद्धतीला संयुक्त मान्यता दिली. मूल खात असेल आणि दुसरा आजार नसेल, तर शेंगदाणा, दूध भुकटी, साखर, तेल, जीवनसत्त्वे आणि खनिजे यांची घट्ट पेस्ट देतात. 92 ग्रॅमच्या पाकिटात 500 कॅलरी असतात. पाणी मिसळावे लागत नाही, त्यामुळे पुरातही चालते. ज्याने खाणे सोडले त्याला मात्र रुग्णालयातच नेले पाहिजे. तेथे सौम्य दुधापासून सुरुवात करून आहार हळूहळू वाढवतात; एकदम भरपेट खाऊ घातले तर ते मूल दगावू शकते.

आपल्याकडे काय झाले? युनिसेफने बिहार व मध्य प्रदेशासाठी आणलेली अशी पाकिटे 2009 साली केंद्र सरकारने परत न्यायला लावली. परवानगी नव्हती, हे कारण. कंपन्यांच्या पाकिटांनी अंगणवाडीतील गरम आहाराची जागा घेऊ नये, हे आम्हालाही मान्य आहे. पण पर्याय उभा न करता उपचार परत पाठवणे हे कसले धोरण?

मुळात मूल त्या अवस्थेला जाऊच नये, याचे उपाय साधे आहेत. स्वच्छ पाणी, गोवराची लस, आईला पोटभर अन्न आणि अंगावर पाजण्यासाठी आडोसा. छावणीत बाळाच्या दुधाचे डबे वाटणे ही मदत नव्हे. गढूळ पाण्यात कालवलेले ते दूध बाळाचा जीव घेते. म्हणूनच 1992 च्या कायद्याने अशा वाटपावर कडक बंधने घातली आहेत.

पण छावणीतच शिरू दिले नाही तर? 2004 च्या त्सुनामीनंतर नागपट्टिनमच्या किनाऱ्यावर दलित कुटुंबांना छावणीतून आणि मदतीतून डावलल्याच्या तक्रारी नोंदल्या गेल्या. लाटेने जात पाहिली नाही, मदतीने पाहिली. आपत्ती व्यवस्थापन कायदा, 2005 च्या कलम 61 ने मदतीत जातिभेदास मनाई केली. त्या कलमात स्वतंत्र शिक्षा मात्र सांगितलेली नाही.

आता खरी मेख. राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा, 2013 च्या कलम 6 नुसार कुपोषित बालक शोधून त्याला अंगणवाडीमार्फत मोफत आहार देणे राज्याचे कर्तव्य आहे. त्याच कायद्याचे कलम 44 सांगते की युद्ध, पूर, दुष्काळ, आग, चक्रीवादळ वा भूकंपामुळे नियमित पुरवठा कोलमडला, तर हक्कदाराच्या दाव्याला सरकार जबाबदार नाही. म्हणजे ज्या दिवशी हक्काची सर्वाधिक गरज, त्याच दिवशी हक्काला कुलूप!

आमचा सवाल सरळ आहे. 1978 च्या घटनादुरुस्तीनंतर आणीबाणीतसुद्धा कलम 21 चा जगण्याचा हक्क स्थगित करता येत नाही. मग पुराच्या नावाखाली बालकाचा घास कसा स्थगित होतो? कोविड काळात बंद पडलेल्या अंगणवाड्या 31 जानेवारी 2021 पर्यंत उघडण्याबाबत निर्णय घ्या, असे सर्वोच्च न्यायालयाने त्याच महिन्यात राज्यांना बजावले होते. संकट हे कर्तव्य विसरण्याचे निमित्त नव्हे, हाच त्याचा अर्थ.

आळवी नगरात एक शेतकरी भुकेला आला, तेव्हा तथागतांनी त्याला आधी जेवू घालायला सांगितले आणि मग धम्म सांगितला. आमच्या कार्यकर्त्यांनी हाच क्रम पाळावा. छावणीत जाताना निळ्या झेंड्याबरोबर दंड मोजण्याची फीत न्यावी. प्रत्येक बालकाची नोंद करावी, ती यादी जिल्हाधिकाऱ्यांना लेखी द्यावी आणि पोच घ्यावी. ज्या वस्तीला वगळले तिचे नाव कलम 61 चा हवाला देऊन कळवावे. कागद असेल तरच न्यायालयात उभे राहता येते, आणि कलम 44 मधील ही सूट रद्द करण्याची मागणीही अशाच कागदांच्या बळावर रेटता येईल. बाबासाहेबांनी महाडला पाणी मागितले नव्हते, हक्क बजावला होता. बालकाच्या घासाचेही तसेच आहे.