आधी कोंबडी, मग चमेली! – अजय-अतुल यांच्या गाण्यांची गोष्ट



गणेशोत्सवाच्या कार्यक्रमासाठी मुलांचा नाच बसवायचा होता. शुक्रवारची सकाळ, सालमियातला आमचा फ्लॅट, दहा-बारा मुलं आणि सोफा भिंतीला सरकवलेला. आम्ही 'कोंबडी पळाली' लावलं. दोन ओळी झाल्या नाहीत तोच एक नऊ वर्षांची चिमुरडी म्हणाली, "काका, ये तो चिकनी चमेली की कॉपी है!" बाकीच्यांनीही माना डोलावल्या. आम्ही गार! तेवढ्यात खालच्या मजल्यावरची तक्रार घेऊन इमारतीचा हारिस दारात आला आणि तालीम तिथेच थांबली. पण प्रश्न डोक्यातून जाईना. आपली मुलं मूळ गाण्यालाच नक्कल समजत असतील, तर ती गोष्ट कुणीतरी नीट सांगायला हवी ना? म्हणून हा लेखनप्रपंच.

'जत्रा' हा केदार शिंदे यांचा चित्रपट २००६ सालचा. त्यातलं 'कोंबडी पळाली' आनंद शिंदे आणि वैशाली सामंत यांनी गायलं, शब्द जितेंद्र जोशी यांचे, पडद्यावर भरत जाधव आणि क्रांती रेडकर. आम्ही तेव्हा नुकतेच इंजिनियरिंगला गेलो होतो आणि हॉस्टेलच्या गॅदरिंगला हे गाणं किती वेळा वाजलं याची मोजदाद नाही. 'अग्निपथ' आला २६ जानेवारी २०१२ ला. म्हणजे सहा वर्षांनी! श्रेया घोषाल यांचा आवाज, कतरिना कैफचा नाच, अमिताभ भट्टाचार्य यांचे हिंदी शब्द. चाल मात्र तीच, कारण संगीतकार तेच: अजय आणि अतुल गोगावले. स्वतःचीच चाल स्वतःच दुसऱ्या भाषेत नेली, तर तिला चोरी कसं म्हणणार?

आता हे दोघे भाऊ कोण? अतुल थोरला, अजय धाकटा. वडील महसूल खात्यात नोकरीला, त्यामुळे बालपण पुणे जिल्ह्यातल्या लहान लहान गावांत गेलं. घरात गाण्याची परंपरा नाही, संगीताचं रीतसर शिक्षण नाही. कानावर काय पडलं असेल ते आपल्यापैकी जे गावाकडचे आहेत त्यांना सांगायला नको. भजन, यात्रा, तमाशा, लग्नातला बँड. २००१ साली त्यांचा 'विश्वविनायक' हा अल्बम आला. गणपतीची स्तोत्रं, एस. पी. बालसुब्रह्मण्यम आणि शंकर महादेवन यांचे आवाज आणि मागे पाश्चात्य सिंफनीचा थाट. पुढे त्यांनी जे जे केलं, त्याचं बीज इथे सापडतं असं आम्हाला वाटतं. आपला देव, आपली माती, पण आवाजाचा पसारा मोठा.

२००४ साली 'गायब' हा हिंदी आणि 'अगं बाई अरेच्चा!' हा मराठी चित्रपट आला. 'मल्हारवारी' ऐकून घराघरात लोक उठून उभे राहिले. मग 'जोगवा'. जोगत्या-जोगतिणींच्या आयुष्यावरचा राजीव पाटील यांचा हा चित्रपट. त्याच्या संगीताला २००८ सालचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि 'जीव रंगला'साठी हरिहरन आणि श्रेया घोषाल यांचाही गौरव झाला. १ जानेवारी २०१० ला 'नटरंग' आला. गुरू ठाकूर यांचे शब्द, बेला शेंडे यांचा आवाज. ढोलकी आणि लावणी तमाशाच्या फडातून थेट आपल्या ड्रॉइंगरूममध्ये आली, आणि ज्या घरांत लावणीचं नाव काढायची सोय नव्हती तिथल्या मुली शाळेच्या स्टेजवर नाचू लागल्या! आमच्या एका मावशींनी तेव्हा बरंच नाक मुरडलं होतं. असो.

'सैराट' (२९ एप्रिल २०१६) बद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं. नागराज मंजुळे यांच्या या चित्रपटात गाणी चारच. त्यातली सिंफनी अजय-अतुल यांनी अमेरिकेत हॉलिवूडच्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर ध्वनिमुद्रित केली. हे काम दिसतं तेवढं सोपं नाही. आपला ढोलकीवाला कानाने वाजवतो. "जरा इथे तोडा घ्या" एवढं सांगितलं की त्याला पुरतं. तिथला व्हायोलिनवाला मात्र समोरचा कागद वाचतो. प्रत्येक वाद्याची ओळ आधी लिहावी लागते, अगदी आमच्या प्रोजेक्टच्या स्पेसिफिकेशनसारखी. करमाळ्याकडच्या पोरांच्या प्रेमकथेला असा वाद्यवृंद लावायचा, हे धाडसच होतं. आणि त्याच चित्रपटात 'झिंगाट'सारखा थेट वरातीतला दणकाही आहे.

'झिंगाट'चंही पुढे तेच झालं. 'सैराट' कन्नडमध्ये 'मनसु मल्लिगे' (२०१७) झाला, हिंदीत 'धडक' (२०१८). दोन्हीकडे संगीत याच जोडीचं. 'धडक'मधलं 'पहली बार' म्हणजे आपलं 'याड लागलं'.

एकच गाणं दोनदा करण्याची रीत फक्त आपल्याकडे आहे असंही नाही. ब्रिटनमधली पेट शॉप बॉईज ही डान्स-पॉप जोडी घ्या. नील टेनंट आणि ख्रिस लो, १९८१ साली लंडनमधल्या एका इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात भेटलेले. त्यांचं 'वेस्ट एंड गर्ल्स' १९८४ मध्ये पहिल्यांदा आलं, तेव्हा ब्रिटनमध्ये फारसं कुणी विचारलं नाही. १९८५ मध्ये त्यांनी ते नव्याने ध्वनिमुद्रित केलं आणि जानेवारी १९८६ मध्ये ते तिथे पहिल्या क्रमांकावर गेलं. मात्र 'कोंबडी' काही पडलेलं गाणं नव्हतं. महाराष्ट्रात ते आधीच गाजलं होतं, फक्त कुवेतमध्ये वाढणाऱ्या मुलांपर्यंत ते हिंदीच्या वाटेने पोचलं. त्यात मुलांची चूक काय? घरी लागतं ते हिंदी चॅनल, शाळेत मित्र केरळचे, आंध्रचे, पंजाबचे, आणि त्यांच्याशी बोलायचं हिंदीत. मूळ गाणं त्यांना ऐकवलंच कुणी?

पुढच्या तालमीला आम्ही दोन्ही गाणी पाठोपाठ लावली आणि फळ्यावर साल लिहिलं: २००६, २०१२. त्या चिमुरडीने सहा वर्षांची वजाबाकी केली, थोडा वेळ गप्प बसली आणि विचारलं, "काका, मग पळाली म्हणजे काय?" अर्धा तास शब्दांचे अर्थ सांगण्यातच गेला. नाच आता मराठी गाण्यावरच बसतोय. तालीम दर शुक्रवारी सकाळी दहाला, पण आवाज बेताचा. हारिसला तसा शब्द दिला आहे.