नाडी हाती घेण्यापूर्वी

नाडी मंद लागली की आपल्या मनात प्रथम कफाचा विचार येतो. परंतु रुग्ण अ‍ॅटेनोलॉल वा मेटोप्रोलॉल घेत असल्यास ती मंदता दोषाची नसून औषधाची असू शकते. ही औषधे हृदयातील बीटा रिसेप्टर अडवून धरतात.

एका हृद्रोगी गृहस्थांना मी अर्जुनक्षीरपाक दिला. त्यांनी जुनी गोळी परस्पर बंद केली. तिसऱ्या दिवशी छातीत कळ, नाडी ११० वर! त्यांना तातडीने रुग्णालयात हलवावे लागले. चूक माझी; मी विचारलेच नव्हते. दीर्घकाळ अडविलेल्या रिसेप्टरांची संख्या वाढते. गोळी एकाएकी थांबताच हृदयावर अ‍ॅड्रेनालिनचा अनिर्बंध मारा होतो. म्हणून ती मूळ चिकित्सकाच्या देखरेखीखाली, साधारणतः एक-दोन आठवड्यांत, टप्प्याटप्प्याने कमी करावी लागते. सात्म्य झालेले अपथ्यही क्रमानेच सोडावे, असे चरकाचार्य सांगतात. येथे तर प्राणाशी गाठ आहे.

मधुमेह्यांत रक्तशर्करा उतरल्याची धडधड या औषधांनी झाकली जाते, घाम मात्र सुटतो. तमक श्वासात प्रोप्रॅनोलॉल वर्ज्य होय. तेच अर्धशिशी व कंपासाठीही दिले जाते. त्यामुळे “हृदयविकार नाही” या उत्तरावर न थांबता औषधालयचालक बंधूंनीही चालू गोळ्यांची पट्टीच पाहावयास मागावी.