हळद भाजीतली आणि कॅप्सूलमधली

आपल्या उमरखेड परिसरात हळदीचे अप्रूप कुणाला नाही. पैनगंगेपलीकडच्या हिंगोली जिल्ह्यातील वसमतच्या हळदीला तर भौगोलिक मानांकनही लाभले आहे. त्यामुळे गुडघेदुखीवर हळदीची कॅप्सूल घेणाऱ्या वडीलधाऱ्यांना ते औषध वाटतच नाही आणि ‘कोणती औषधे चालू आहेत?’ या प्रश्नाच्या उत्तरात तिचे नाव येत नाही. ते यायला हवे. का, ते पाहू.

आपण पोटात घेतो त्या बहुतेक औषधांचे विघटन यकृतात होते. हे काम तेथील विकरे, म्हणजेच एन्झाइम करतात. प्रत्येक गोळीची मात्रा त्यांचा नेहमीचा वेग गृहीत धरून ठरलेली असते. वेग मंदावला तर औषध रक्तात साचते. वाढला तर काम होण्याआधीच ते निघून जाते. उतारवयात यकृताचा आकार आणि त्याला होणारा रक्तपुरवठा दोन्ही घटतात. शिवाय चालू गोळ्यांची संख्या वाढलेली असते. म्हणून ज्येष्ठांना याचा धोका अधिक.

हळदीतील कुर्क्युमिन शरीरात फारच कमी शोषले जाते. यावर उपाय म्हणून अनेक कॅप्सूलमध्ये मिरीचा अर्क, पायपेरिन, घालतात. बेंगळुरूच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयातील संशोधकांनी 1998 मध्ये निरोगी व्यक्तींना 2 ग्रॅम कुर्क्युमिनसोबत 20 मिलिग्रॅम पायपेरिन दिले, तेव्हा कुर्क्युमिनची उपलब्धता 20 पट झाली. पायपेरिन हे साधते ते आतडे व यकृतातील विकरांना मंद करून. परंतु ती विकरे केवळ हळदीसाठी नसतात. पायपेरिनमुळे फिटवरील फेनिटॉइन, रक्तदाबावरील प्रोप्रॅनोलॉल आणि दम्यावरील थिओफायलिन यांचे रक्तातील प्रमाण वाढल्याचे अभ्यासांत आढळले आहे.

हाच गुण जम्मूच्या शास्त्रज्ञांनी मोजूनमापून उपयोगात आणला. 2009 मध्ये आलेल्या क्षयरोगावरील एका गोळीत 10 मिलिग्रॅम पायपेरिन घातल्याने रिफाम्पिसिनची मात्रा 450 वरून 200 मिलिग्रॅमवर आणता आली. येथे मात्रा जाणीवपूर्वक कमी केली होती. घरी मात्र जुनी गोळी पूर्ण मात्रेत चालू असते आणि कॅप्सूल तिच्यात भर घालते.

काही वनस्पती यकृतालाच इजा करू शकतात. मुंबईतील यकृततज्ज्ञांनी 2020 च्या अखेरीस, कोरोनाच्या काळात, गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद केली. आयुष मंत्रालयाने हा निष्कर्ष मान्य केला नाही. वनस्पतीची ओळख पटवण्यात चूक झाली असावी, असे त्याचे म्हणणे होते. वाद काहीही असो, काढ्यात नेमके काय आहे हे ठाऊक असणे महत्त्वाचे, हे त्यातून पटावे.

म्हणून एवढे करावे :

• दवाखान्यात जाताना गोळ्यांसोबत काढे, चूर्णे आणि कॅप्सूलच्या बाटल्याही पिशवीत घ्याव्यात. वेष्टनावर ‘पायपेरिन’ किंवा ‘मिरीचा अर्क’ आहे का, ते पाहावे.

• फिट, हृदयविकार, क्षयरोग, रक्त पातळ करणे किंवा अवयव प्रत्यारोपण यांसाठी औषधे चालू असल्यास विचारल्यावाचून नवी कॅप्सूल सुरू करू नये.

• नवी कॅप्सूल सुरू झाल्यावर झोक जाणे, गुंगी, नाडी मंदावणे, अंगावर काळेनिळे डाग किंवा डोळे पिवळे दिसल्यास ती थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. नेहमीची गोळी मात्र मनाने बंद करू नये.

भाजीतल्या चिमूटभर हळदीला आणि मिरीला घाबरण्याचे कारण नाही. विचारायचे आहे ते बाटलीतल्या हळदीविषयी.